तिसरी तार

१

लाईन बंद होती, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. कंट्रोलरूमचा पडदा तसं दाखवत होता आणि वहीत तशी नोंद होती. ज्या माणसाचा त्या लाईनवर जीव गेला, त्यालाही खांबावर चढण्याआधी तेच सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तो बेचाळिसाव्या खांबाच्या टोकाशी पोचला. तारा जमिनीशी जोडणारी अर्थिंगची साखळी अजून त्याच्या खांद्यावर होती. ती तारांवर टाकण्याआधीच त्याचा दंड तिसऱ्या तारेला लागला. खाली उतरवलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

वयानं एक्कावन्न, नोकरी सव्वीस वर्षांची. प्रत्येक गाठ, प्रत्येक खटका, प्रत्येक कागद दोन वेळा तपासायची सवय, म्हणून सगळे लाईनमन त्याला ‘दोनदा’ म्हणत. आधी चेष्टेनं, नंतर नाव म्हणूनच.

गुरुवारी वीज निरीक्षकबाई आल्या. छप्पन्न वर्षांच्या, एका गुडघ्यानं अधू. खांबावर चढणं बंद झाल्यापासून त्या गळ्यात छोटी दुर्बीण अडकवून फिरत. सबस्टेशनवर दाट धुकं होतं आणि शेजारच्या चुनाभट्टीची पांढरी धूळ त्या धुक्यात मिसळून सगळ्यावर बसत होती, खिडक्यांवर, टेबलांवर, फायलींवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा.

प्रकल्प अभियंत्यानं अहवाल टाईप करूनच ठेवला होता. पस्तिशीचा, नीटनेटका, कमी झोपलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी लाईनवर सेन्सर बसवायची योजना त्यानंच आणली होती. तारेला चिमट्यासारखा अडकवलेला मुठीएवढा डबा. तारेतून किती करंट जातोय, ते तो दर मिनिटाला रेडिओनं कंट्रोलरूमला कळवतो.

“हे बघा,” त्यानं पडदा फिरवला. “बर्फ कारखान्याच्या लाईनवर, स्विचच्या पलीकडच्या पहिल्याच खांबावर तीन तारांना तीन सेन्सर आहेत. मंगळवार, दहा पाच. शून्य पॉइंट चार, शून्य पॉइंट दोन, शून्य पॉइंट तीन. शेजारून दुसरी लाईन जाते, त्यामुळे एवढं दिसतंच. म्हणजे लाईन मेलेली होती.”

“मग माणूस कसा मेला?”

“वीज आमच्याकडून गेलीच नाही. दुसऱ्या टोकाकडून आली. बर्फ कारखान्याचा जनरेटर. लाईन बंद झाल्यावर त्यांनी तो चालू केला आणि वीज उलटी लाईनवर चढली. स्विच उघडा असल्यामुळे ती पहिल्या खांबापर्यंत वाहिली नाही, म्हणून सेन्सरला दिसली नाही. त्यात साखळी न टाकता काम केलं. तुमची सही झाली की पोलिसांकडे पाठवतो.”

तर्कात खोट नव्हती. बाईंना तेच खटकलं. दोन दिवसांत एवढा गुळगुळीत अहवाल त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

“या तीन सेन्सरची महिन्याभराची आकडेवारी छापून द्या,” त्या म्हणाल्या.

“महिन्याची? अपघात तर मिनिटाभरात झाला.”

“माणूस मिनिटाभरात गेला. अपघात कधी सुरू झाला, ते मला बघायचंय.”

अभियंत्यानं पडदा स्वतःकडे वळवून घेतला. “संध्याकाळपर्यंत देतो,” तो म्हणाला. कागद मात्र संध्याकाळी आले नाहीत.

२

कंट्रोलरूमच्या ऑपरेटरला दोन दिवस कोणी धड बोलतं केलं नव्हतं. बाई समोर बसल्या तसा तो न विचारताच सांगू लागला.

“मी पडद्यावर होतं तेच सांगितलं, मॅडम. माझ्या मनाचं एक अक्षर नाही.”

“सावकाश सांगा. त्यानं फोन केला तेव्हापासून.”

“नऊ चाळीसला त्याच्या मेहुण्यानं स्विचचा दांडा ओढला. तोच गँगमधला दुसरा माणूस. मग फोन आला दोनदाचा. म्हणाला, शून्य आहे का? म्हटलं, आहे. तिन्ही? तिन्ही. मग जरा थांबला आणि म्हणाला, तिसरासुद्धा? मी म्हटलं, अरे बाबा, तिसरासुद्धा. तेव्हा म्हणाला, बरं झालं, बसवला म्हणजे.”

बाईंचं पेन थांबलं. “‘बसवला’ म्हणाला?”

“मी लक्ष दिलं नाही. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची खोडच होती.” त्यानं डोळे पुसले. “पूर्वी त्यांच्याकडे टेस्टर असायचा. लांब काठी, तारेजवळ नेली की वाजायची. तीन महिन्यांपूर्वी परिपत्रक आलं, सेन्सर असलेल्या लाईनवर टेस्टर लागणार नाही. काठ्या जमा झाल्या. त्यावर तो माझ्याशी भांडला होता. म्हणाला, तुझा पडदा खांबावर येतो का माझ्याबरोबर?”

“सेन्सर काढल्या-बसवल्याची नोंद कुठे असते?”

ऑपरेटरनं कपाटातून रजिस्टर काढलं. बाईंनी मागच्या महिन्याची पानं उलटली. पानांवर छापील क्रमांक होते. बासष्टनंतर थेट चौसष्ट आला.

ऑपरेटर बघतच राहिला. “सोमवारी होतं हे पान,” तो हळू आवाजात म्हणाला.

३

बर्फ कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे बर्फकाका म्हणत, दारातच उभे होते. पोलीस येणार हे त्यांच्या कानावर आलं होतं.

“या. बेड्या आणल्यात का?”

“आधी जनरेटर दाखवा.”

शेडमध्ये जनरेटर होता, पण उघडा. त्याचं पोट रिकामं होतं आणि आतले भाग जमिनीवर गोणपाटावर मांडलेले होते. बाईंनी वाकून एका दट्ट्यावरून बोट फिरवलं. तेलावर चुन्याची धूळ बसून जाड साय धरली होती. हे दोन दिवसांचं काम नव्हतं.

“तीन आठवडे झाले,” काका म्हणाले. “मेकॅनिक गेला तो गेलाच. लाईन बंद झाली की माझा बर्फ वितळतो, मी नुसता बघत बसतो. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पोलिसांना सांगा.”

“म्हणजे साहेब इथे आत आले होते?”

“दारातूनच बोलले.”

बाई शेडबाहेर आल्या. अंगणातून लाईन सरळ सबस्टेशनकडे जाताना दिसत होती. वीज इथून गेली नव्हती, तर ती तिकडूनच आली होती. आणि तिकडून आली असेल, तर तिसऱ्या सेन्सरला ती दिसायलाच हवी होती.

“एक विचारू का?” काका मागून म्हणाले. “माणूस गेल्यावर सगळे दवाखान्यात पळाले ना? मग दुपारी एकच्या सुमाराला खांबावर कोण चढलं होतं?”

“कुठल्या खांबावर?”

“अपघाताच्या नाही. स्विचच्या पलीकडच्या पहिल्या. धुकं जरा हललं तेव्हा पिवळं हेल्मेट दिसलं. खाली एक माणूस छत्री घेऊन उभा होता. पाऊस नव्हता म्हणून लक्षात राहिलं.”

४

दुपारी बाईंनी सगळी वीज बंद करायला लावली आणि मयताच्या मेहुण्याला स्विचपाशी बोलावलं. तिशीतला, रुंद खांद्यांचा गडी. दोन दिवसांत त्यानं दाढी केली नव्हती की कुणाच्या नजरेला नजर दिली नव्हती.

“मंगळवारी तू दांडा ओढलास?”

“मीच.”

“वर बघितलंस? तिन्ही तारांची पाती उघडली का?”

“धुकं होतं. दांडा पूर्ण खाली आला, कुलूप लागलं.” त्यानं दांड्यावर हात ठेवला. “मी जोर कमी लावला असेल. तेच डोक्यात फिरतंय, मॅडम.”

“आत्ता ओढ. मी सांगेपर्यंत वर-खाली करत राहा.”

त्यानं ओढलं. वर तिन्ही पाती एकदम उघडली. पुन्हा बंद, पुन्हा उघड. चार वेळा, पाच वेळा. सहाव्या वेळी दांडा खटकन खाली आला, कुलपाची भोकं जुळली, पण दुर्बिणीत दोनच पाती उघडलेली दिसली. तिसरं होतं तिथेच चिकटून राहिलं होतं.

बाईंनी दुर्बीण त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ बघत राहिला.

“तू पूर्ण ओढला होतास,” त्या म्हणाल्या. “वरचा सांधा झिजलाय. यात तुझा दोष नाही.”

तो दांड्यापाशी खाली बसला. बाईंनी त्याला सावरायला वेळ दिला. मग दुर्बीण घेऊन पहिल्या खांबाकडे रोखली. तीन तारा, तीन सेन्सर. दोन सेन्सरवर चुन्याचा पांढरा थर होता, कबुतरांची घाण होती. तिसरा काळा, चकचकीत.

“हा तिसरा कोणी पुसला?”

मेहुण्यानं शेजारी ठेवलेलं हेल्मेट उचललं.

“खांबावर चढून तिघांतला एकच कोण पुसेल?”

“मला दहाव्याचं बघायचंय,” तो उठत म्हणाला. “ताई एकटी आहे.” आणि हेल्मेट काखेत मारून धुक्यात निघून गेला. हेल्मेट पिवळं होतं.

५

घर दोन खोल्यांचं होतं. भिंतीवर अवजारं आकारमानानुसार टांगलेली होती आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं क्रमांक लिहिला होता. मयताची बायको खिडकीपाशी बसली होती.

“त्यांनी निष्काळजीपणा केला, असं लिहिणार आहात का?” तिनं सरळच विचारलं.

“मी अजून काहीच लिहिलेलं नाही.”

“सव्वीस वर्षं हा माणूस घरातला गॅस बंद आहे का ते बघायला दोनदा उठायचा. मी चिडायचे. आता ऑफिसातून येतात ते म्हणतात, घाई केली. त्यांना ओळखत नाही कोणी.”

“मागच्या पंधरवड्यात ते कामाबद्दल काही बोलले होते?”

तिनं आठवून सांगितलं. “एक सेन्सर बिघडला होता. आत पाणी शिरलेलं. तो उतरवून साहेबांना नेऊन दिला. रोज यायचे आणि म्हणायचे, अजून परत दिला नाही. माझ्या भावाला मी काल विचारलं त्याबद्दल, तर ताटावरून उठला.”

“दिल्याचा काही कागद आहे?”

“त्यांचा कागद नाही असं कधी व्हायचं नाही.” ती उठली आणि कपाटातून एक वही घेऊन आली. प्रत्येक पानामागे कार्बन. ऑफिसला दिलेल्या प्रत्येक चिठ्ठीची नक्कल घरी.

शेवटून तिसरं पान. अक्षर टपोरं, शाळेतल्यासारखं. *बर्फ कारखाना लाईन, खांब पहिला, तिसऱ्या तारेचा सेन्सर आज उतरवला. पाणी भरले आहे. दुसरा बसेपर्यंत या तारेचा आकडा धरू नये, ही विनंती.* तारीख अपघाताच्या चौदा दिवस आधीची. खाली ‘मिळाला’ असं लिहून एक सही. तीच सही बाईंनी सकाळी टाईप केलेल्या अहवालावर पाहिली होती.

बाईंना एकच गोष्ट कळेना. चौदा दिवस तो सेन्सर खांबावर नव्हता. मग चौदा दिवस पडद्यावर त्याचा आकडा कुठून येत होता?

६

शुक्रवारी सकाळी ऑपरेटरनं स्वतःच आकडेवारी छापून आणून दिली. “साहेब सुट्टीचा अर्ज टाकताहेत,” तो म्हणाला. “म्हणून मीच काढली.”

बाई तासभर त्या कागदांवर पेन्सिल घेऊन बसल्या. मग त्यांनी ऑपरेटरला तिथेच थांबवून अभियंत्याला आणि मेहुण्याला बोलावलं. दार आतून लावून घेतलं.

“मी तिन्ही आकडे वाचते,” त्या म्हणाल्या. “महिन्याच्या सुरुवातीला. बेचाळीस, अडतीस, सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी पन्नास, सेहेचाळीस, पंचावन्न. तिसरी तार कायम सगळ्यांत जड. कारण चुनाभट्टीच्या कामगारांच्या खोल्या त्याच तारेवर आहेत. बरोबर?”

“असेल,” अभियंता म्हणाला.

“आता अपघाताआधीचे चौदा दिवस. बेचाळीस, अडतीस, चाळीस. एक्कावन्न, सत्तेचाळीस, एकोणपन्नास. छत्तीस, तीस, तेहेतीस. तिसरी तार एकाएकी हलकी झाली आणि रोज, दर मिनिटाला, पहिल्या दोघींच्या बरोबर मधोमध येऊन बसली. मंगळवारी दहा पाचला शून्य पॉइंट चार, शून्य पॉइंट दोन. मधोमध काय येतं?”

“तीन,” ऑपरेटर पुटपुटला. “पॉइंट तीन.”

“खरा करंट असा हिशेबानं वागत नाही. हा आकडा कोणी मोजलेलाच नाही. सेन्सर गप्प झाला की त्याच्या जागी बाकीच्या दोघांची सरासरी दाखवायची, अशी सोय तुमच्या यंत्रणेत आहे. ती चालू केलेली आहे, हे ऑपरेटरला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं.”

अभियंता खिडकीबाहेर बघत होता. “योजना पुढच्या विभागात न्यायची होती,” तो शेवटी म्हणाला. “महिनाभर एकही सेन्सर बंद दिसता कामा नये, अशी अट होती. दुसरा सेन्सर यायला वेळ लागत होता. थोड्या दिवसांचाच प्रश्न होता.”

“दोन पाती उघडली, तिसरं चिकटलं. तिसऱ्या तारेत वीज तशीच वाहत होती. सेन्सर असता, तर पडद्यावर ती दिसली असती. सेन्सर नाही हे दिसलं असतं, तरी तो चढला नसता. त्याला ठाऊक होतं की तिसरा उतरवलाय. म्हणून तर त्यानं तिसऱ्याचं वेगळं विचारलं. पडद्यावर आकडा होता, म्हणून ऑपरेटर हो म्हणाला, आणि त्याला वाटलं, नवीन बसवला असेल. जितकी काळजी घेता येते तितकी घेऊन तो वर गेला.”



“मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तिसरा सेन्सर पुन्हा बोलायला लागला. संध्याकाळी लाईन चालू झाल्यावर बघा. चाळीस, सदतीस, चव्वेचाळीस. तार पुन्हा जड झाली. म्हणजे त्या दुपारी कोणीतरी नवा, कोरा सेन्सर वर नेला. खाली छत्री घेऊन कोण उभं होतं, मी विचारत नाही. वर कोण होतं, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.”

मेहुणा भिंतीला टेकून उभा होता. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज अगदी सपाट होता.

“मी होतो. दाजींना दवाखान्यात नेलं आणि साहेबांनी मला गाडीतून परत आणलं. नवा सेन्सर आदल्या संध्याकाळीच आला होता, तो गाडीत होता. म्हणाले, सेन्सर तुझ्या दाजींनी स्वतःच उतरवला, नोंद कुठेच नाही. तपासात निघालं तर सगळं त्यांच्यावर येईल. ताईला लोक काय म्हणतील? आत्ता बसवून टाक, कोणाला कळणार नाही. मी चढलो. बसवला.”

“नोंद होती,” बाई म्हणाल्या. “रजिस्टरचं त्रेसष्टावं पान फाडलं गेलं. पण त्याच्या चिठ्ठीची नक्कल घरी राहिली.” त्यांनी कार्बनची वही टेबलावर ठेवली. “तू त्याचं नाव वाचवायला चढलास. पण सेन्सर आधीपासून जागेवरच होता असं ठरलं असतं, तर यांचा अहवाल खरा ठरला असता. साखळी टाकली नाही म्हणून दोष त्याचा आणि जनरेटरचा.”

त्यानं वहीतलं ते अक्षर बघितलं आणि तोंड फिरवलं.

अभियंता हळूच म्हणाला, “टेस्टर असता तरी तो वाचला असता. टेस्टर मी काढून घेतले नाहीत. परिपत्रकाला निरीक्षण कार्यालयाची मंजुरी होती. बघा, कोणाची सही आहे.”

त्यानं फाईल पुढे सरकवली. बाईंनी सही बघितली. त्या दिवशी टेबलावर चाळीसेक कागद होते. हा त्यांतला एक. वाचल्याचं आठवत नव्हतं, पण सही त्यांचीच होती.

“बघितली,” त्या म्हणाल्या. “ती पण जोडणार आहे मी.”

७

शनिवारी दुपारी त्या पुन्हा त्या घरी गेल्या. अहवाल पोलिसांकडे गेला होता आणि वर दुसरी प्रत गेली होती. अभियंत्याला कामावरून दूर केलं होतं. टेस्टरच्या काठ्या गोदामातून परत लाईनमनच्या हाती आल्या होत्या. बर्फकाकांचं नाव कागदावर राहिलं नव्हतं.

बाईंनी मयताच्या बायकोला अहवालाचं शेवटचं पान वाचून दाखवलं. त्यावर जबाबदार म्हणून तीन नावं होती. पहिलं अभियंत्याचं, दुसरं परिपत्रक काढणाऱ्या अधिकाऱ्याचं, तिसरं त्यांचं स्वतःचं होतं. ते वाचताना त्या थांबल्या नाहीत.

 ती म्हणाली, “तुम्ही ते परिपत्रक न वाचताच सही केलीत?”

“हो.”

“मग आता माझ्याकडे काय मागायला आलात?”

“काही नाही. तुम्ही हे दुसऱ्या कोणाकडून ऐकू नये, एवढंच.”

तिनं मान हलवली. ती क्षमा नव्हती, शापही नव्हता. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

“आणि माझ्या भावाचं काय लिहिलंय?”

“जे त्यानं केलं ते. कोणाच्या सांगण्यावरून केलं, तेही. त्याची चौकशी होईल. नोकरी राहील का, मला सांगता येत नाही.”

“काल रात्री घरी आला नाही तो.”

“बाहेर आहे,” बाई म्हणाल्या. “मी आले तेव्हा फाटकापाशी उभा होता. आत चल म्हटलं, तर आला नाही.”

ती उठली. तिनं दार उघडलं. धुक्यात फाटकाला टेकून तो उभा होता. खांदे भिजलेले, हात खिशात. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. दोघांमध्ये दहाएक पावलांचं अंगण होतं.  निरीक्षकबाई आत खुर्चीत बसून राहिल्या. या वेळी उठून जाणं बरं दिसलं नसतं, आणि बसणंही.

शेवटी तो चालत आला. पायरीपाशी येऊन अडखळला.

“ताई, मला वाटलं होतं...”

“माहीत आहे मला काय वाटलं होतं ते,” ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. ती दारातून बाजूला झाली. “ये आत. आणि दार लावून घे, धूळ येते.”

त्यानं दार लावून घेतलं.